भोंगा, वद्य पंचमी आणि न फुटलेली सुपारी

छत्रीबाग, इंदूर
तारीख : आजच्या वर्तमानपत्रावर आहे तीच (दोन वेगवेगळ्या पेपरांत पडताळून घेतली)
तिथी : या विषयावर खाली सविस्तर

श्रीमंत प्रतापराव यांस, गोपीनाथचा नमस्कार, दोन्ही हात जोडून आणि मान नेहमीपेक्षा जरा जास्त लववून.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? ग्वाल्हेरची थंडी सरली असेल, तरी सकाळी फिरायला जाताना कानटोपी सोडू नये असं इकडून सांगणं आहे (सांगणं आपल्या भगिनीचं, म्हणजे अरुंधतीचं, कानटोपी हा शब्द माझा, ती माकडटोपी म्हणाली होती). वहिनीसाहेबांना नमस्कार. बैठकीतली आजोबांची तलवार पॉलिशला दिली होती, ती परत आली का? आली नसेल तर घाई करू नये. हे पत्र वाचून पुरं होईपर्यंत ती म्यानात असलेली बरी.

आपण माघात (आपल्या माघात, हे 'आपल्या' मुद्दाम का लिहिलं ते पुढे कळेल) ग्वाल्हेरहून रात्रभर प्रवास करून, जरीचा फेटा बांधून, तिळाच्या गजकची पेटी घेऊन आमच्या दारी आलात, तेव्हा दाराला कुलूप होतं. आम्ही सगळे देपालपूरला सुनेच्या माहेरी हरभऱ्याचे होळे खात बसलो होतो. आपण शेजारच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसलात, शेजाऱ्यांनी चार वेळा विचारलं तरी चहा घेतला नाहीत, आणि कडीत चिठ्ठी खोचून गेलात की यापुढे या उंबऱ्यावर प्रतापरावाचं पाऊल पडणार नाही. चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. एवढ्या रागातही एक वेलांटी ढळलेली नाही, ही राजघराण्याच्या चाकरीतल्या वळणाची करामत. त्यावर मी जे उत्तर धाडलं ('महिनाभर आधी येण्याचे प्रकार आपल्या वयात होतात, डॉक्टरांस दाखवावे') ते मात्र आपण जपून ठेवू नये. फाडावं. तुकडे चुलीत घालावेत. चूल नसेल तर गॅसवर, पण खिडकी उघडी ठेवून.

आता मुद्दा. आपण आमच्या मंजुषासाठी बडोद्याचं स्थळ आणलंत, मुलगा उदयसिंह, वडील संताजीराव, हे उपकार मी विसरलेलो नाही. उज्जैनचं स्थळ 'मुलगी हुशार आहे, पण वर्ण जरा' असं म्हणून गेलं. नागपूरचं तर 'जरा'सुद्धा म्हणालं नाही. मंजू एम.एस्सी. आहे, पीथमपूरला कापड रंगवण्याच्या कारखान्यात लॅब सांभाळते, सकाळी कंपनीची बस तिला न्यायला येते; पण त्या दोन्ही खेपांना माझी पोर कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरात परत गेली तेव्हाची तिची पाठ मी पाहिली आहे. बडोद्याच्या पत्रातही शेवटी एक ओळ होतीच, की मुलाच्या आत्या आनंदीबाई स्वतः येतील आणि 'वर्ण दिवसाच्या उजेडात पाहतील.' तेव्हा हे स्थळ म्हणजे आमच्यासाठी काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. असं असताना मी तारखेचा घोळ का घातला, असं आपण विचाराल. मी घातला नाही. घोळ पंचांगांनी घातला. मी फक्त तो घरोघर पोचवला.

पहिल्यापासून सांगतो. आमची मिल चालू होती तोवर सगळ्या मोहल्ल्याचं घड्याळ एकच होतं, ते म्हणजे भोंगा. भोंगा झाला की दूध चुलीवर चढायचं, भोंगा झाला की पोरं शाळेला निघायची, मिलमध्ये पाऊल न टाकलेले बड्या गणपतीचे पुजारीसुद्धा भोंग्यावर आरती धरायचे. मिल बंद पडली तेव्हा लोक पगाराबद्दल रडले, ते बरोबरच आहे. पण मी मिलच्या वीजखात्यातला माणूस, भोंग्याची मोटर माझ्या हाताखाली होती, म्हणून सांगतो, खरी पंचाईत वेगळीच झाली. प्रत्येक घर आपापल्या वेळेनं चालायला लागलं. माझ्या घरात साखरचौथ एका भिंतीवर, वाढदिवस दुसऱ्या वहीत, गॅसवाल्याचा नंबर फ्रिजच्या दारावर आणि जयेशच्या सासऱ्यांचा नंबर जयेशच्या खिशात, तोही धोब्याकडे. (जयेश म्हणजे आमचा चिरंजीव. समोरच्याच गल्लीत भाड्याच्या खोल्यांत राहतो, घरून टाइपसेटिंगचं काम करतो, आणि आपल्या लग्नाचा वाढदिवस विसरतो.)

तेव्हा मी ठरवलं की घराला पुन्हा भोंगा पाहिजे. मिलच्या ऑफिसचं भंगार निघालं त्यात एक कंप्यूटर होता. मूळचा पांढरा म्हणे; मी पाहिला तेव्हा चहाच्या रंगाचा होता. तो उचलला. कुणाकडे शिकायला गेलो नाही. माझी पद्धत सरळ आहे, आधी उघडायचं, मग वाचायचं. कंप्यूटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी फुकट आली होती ती त्यात घातली, बाहेरच्या खोलीत ट्रंकेवर त्याची स्थापना केली, वर अरुंधतीनं विणलेला रुमाल (हवा जावी म्हणून बाजूनं दुमडून), आणि नाव ठेवलं भोंगा. तिथून गल्लीवरून, कपडे वाळत घालायच्या तारेच्या आधारानं, केबल जयेशच्या खोलीत. तिकडे सून शिखानं काही लिहिलं की ते इकडे उमटतं, इकडे मी लिहिलं की तिकडे उमटतं. सगळ्यांच्या तिथ्या, सगळ्यांचे फोन, एका जागी; आणि पहाटे भोंगा तीनदा वाजून दिवसाचा कार्यक्रम प्रिंटरवर छापतो. (प्रिंटरच्या आवाजाबद्दल मोहल्ल्यात दोन मतं आहेत. एक माझं आहे.) जयेश म्हणाला, बाबा, हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं, सायबर कॅफेत बसून करता येतं. मी म्हटलं, बेटा, आपल्या घरच्या बारशाची तारीख अमेरिकेतल्या कुणाच्या कपाटात कशाला ठेवायची? उद्या त्यानं कपाटाला कुलूप लावलं तर? मिलनं लावलंच होतं ना? यावर त्यानं पोळी वाढून घेतली. (उत्तर होतं, पण तो जेवत होता.)

यंत्र पुरं झालं त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. अरुंधती म्हणाली, अहो, त्यावर माझं दुधाचं असतं. मी म्हटलं, दूध भोंग्यात घालू. खिळाही उपटणार होतो, पण ती पक्कड हातात घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, खिळ्याला हात लावायचा नाही. बायकांचा कशात जीव असेल सांगता येत नाही.

आता घोळ. तुमचं पत्र आलं की बडोद्याची मंडळी माघ वद्य पंचमीला येतील. मी भोंग्यात अक्षरशः तेच लिहिलं : माघ वद्य पंचमी. तिथीवरून इंग्रजी तारीख काढायचं गणित मी स्वतः बसवलेलं आहे, आपल्या मराठी पंचांगाप्रमाणे, आणि ते गणित आजही तंतोतंत बरोबर आहे, हे आपण ध्यानात घ्यावं. पण शिखा देपालपूरच्या धान्यवाल्यांची मुलगी. तिच्या भिंतीवर तिच्या माहेरचं पंचांग. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकाच नावाचा. पण वद्य पक्ष लागला की आपण अजून माघातच असतो आणि ते फाल्गुनात जाऊन बसलेले असतात. दिवस तोच, महिन्याचं नाव निराळं. बिचारीनं पाहिलं, बाबूजींनी माघ लिहिलंय, पंचांगात तर फाल्गुन आहे. सासऱ्याची चूक चारचौघांत कशाला दाखवायची, म्हणून तिनं गुपचूप माघाचा फाल्गुन केला. इतकी गुणी सून आहे. आणि भोंग्याचा नियम मी असा घातला होता की एका नोंदीवर दोघांचा हात पडला तर ज्याचा नंतर पडला त्याचं खरं. (घरात शेवटी जो बोलतो त्याचं खरं, हा आपल्याकडचा जुनाच कायदा, मी फक्त तो यंत्राला शिकवला.) भोंग्यानं तिचा फाल्गुन घेतला, माझ्या गणितात घातला, आणि पाहुण्यांना महिनाभर पुढे ढकललं.

कुठं ढकललं? फाल्गुन वद्य पंचमीला. म्हणजे रंगपंचमीला. इंदुरात!

आपण म्हणाल, गोपीनाथ, इंदुरात जन्म गेला आणि रंगपंचमी कळली नाही? कशी कळणार? शिखानं त्याच बैठकीत रंगपंचमीसुद्धा दुरुस्त केली होती. तिच्या पंचांगात ती चैत्रात असते. त्यामुळे आमच्या भोंग्याच्या हिशेबानं रंगपंचमी आणखी महिनाभर पुढे, भर उन्हाळ्यात. मी छापील कागद पाहिला, पाहुण्यांच्या दिवशी सण नाही, वार चांगला आहे. बडोद्याला पत्र लिहून इंग्रजी तारीख कळवली. त्यांचं उत्तर आलं की आपल्या सोयीनं पुढे ढकललंत, हरकत नाही. (मी 'पुढे ढकललंत' यावर लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं होतं आणि फाईलला लावलं होतं.) अरुंधतीनं मात्र विचारलं, नक्की हीच तारीख ना? मी म्हटलं, भोंगा सांगतो. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती हसली. कौतुकानं.

आपल्यालाही मी लगेच फोन केला होता, यावर विश्वास ठेवावा. पण त्याच सुमारास आमच्या भागातल्या नंबरांपुढे एक आकडा वाढला. माणसानं असे नंबर एकेक करून किती दुरुस्त करायचे? मी भोंग्याला एका ओळीत हुकूम दिला, सगळ्या नंबरांपुढे तो आकडा लाव. त्यानं लावला. सगळ्या. तुमच्या ग्वाल्हेरच्यासुद्धा. मी फोन फिरवला, पलीकडून भारदस्त आवाज आला, मी नवी तारीख सांगितली, तो म्हणाला, 'ठीक है, आ जाइए, खाली पेट आना.' मला जरा नवल वाटलं की प्रतापराव हिंदीत का बोलतात आणि येणार तुम्ही असताना मला का बोलावतात. पण म्हटलं, सरदार घराण्यातली माणसं, त्यांचा मान ठेवायची पद्धत निराळी. मागाहून कळलं की तो रक्त तपासणारा माणूस होता. जुनी फोनची डायरी मी आधीच रद्दीत दिली होती, हे ओघानं आलंच.

अशा रीतीनं आपण बरोबर दिवशी आलात आणि आम्ही चुकीच्या महिन्यात होतो. म्हणजे आम्ही बरोबर होतो, महिना चुकीचा होता.

मला प्रकार कळला तो होळीच्या दुसऱ्या दिवशी. शेजारचा बंटी ओट्यावर बसून पिचकारीला वॉशर बसवत होता. मी शिकवण्याच्या हेतूनं म्हटलं, अरे, रंगपंचमीला अजून महिना आहे. त्यानं पिचकारी खाली ठेवली. म्हणाला, 'काकाजी, होली के बाद पंचमी पाँच दिन में आती है. आपके यहाँ पैदल आ रही है क्या?' प्रतापराव, मी तसाच घरात धावलो. बडोद्याला फोन लावला, तो कुठल्याशा साडीच्या दुकानात लागला आणि त्यांनी मला नवीन माल आल्याचं सांगितलं. तार लिहिली : 'येऊ नये. पंचमी आहे. पत्र मागाहून.' तार करायला अरुंधतीकडे दिली, ती भाजीला निघालीच होती. बहुधा पोचली नाही. मंडळी रतलामला नातेवाइकांकडे मुक्काम करायला आधीच निघाली असावीत. मी डोकं धरून बसलो. अरुंधती म्हणाली, येऊ द्या की, पाहुणेच आहेत, वाघ नाहीत. आणि तिनं एवढी मोठी पिशवी भरून लिंबं का आणली होती कळेना. विचारलं तर म्हणाली, सरबत.

पंचमीचा दिवस उजाडला. भोंग्यानं तीनदा वाजून छापलं : 'पाहुणे बडोदा. विशेष सण नाही.' मी छत्री, रेनकोट आणि कंप्यूटरवर घालायचं मोठं प्लास्टिक घेऊन स्टेशनावर गेलो. संताजीराव म्हणजे सहा फूट, पांढरी अचकन, फेटा. उदयसिंह कोटात. आनंदीबाई आत्या मोतिया रंगाच्या चंदेरीत, आणि स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या त्यांनी मान वर करून उजेड पाहिला. मी तिघांवर प्लास्टिक धरलं. संताजीरावांनी विचारलं, पाऊस आहे का? मी म्हटलं, येण्याचा संभव आहे. रिक्षावाल्यानं बड्या गणपतीशी गाडी थांबवली आणि म्हणाला, इससे आगे भगवान भी पैदल जाते हैं आज.

गेर तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. गेर म्हणजे आमची रंगपंचमीची मिरवणूक. ढोल, हजारो माणसं, आणि टँकरवर बसवलेल्या तोफा, ज्या रंगाचं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या चहाच्या कपात घालतात. मी मंडळींना मागच्या गल्लीनं काढत होतो, माझा नकाशा बिनचूक होता, पण एक उपगल्ली मुख्य रस्त्याला लागते तिथं नेमका टँकर उभा. वरच्या माणसानं आम्हाला पाहिलं. प्लास्टिकखाली चार कोरी माणसं. तो ओरडला, 'अरे भिया, मेहमान आए हैं, और सूखे?' त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं, पाहुणचारात कमी पडल्याचं. मग तोफ वळली. पहिल्या झटक्यात प्लास्टिक गेलं, दुसऱ्यात फेटा, आणि तिसऱ्यात आम्ही सगळे भारताचे समान नागरिक झालो. गर्दी मधून गेली, ढोल मधून गेला, मी संताजीरावांचा हात घट्ट धरला आणि ओरडलो, सोडू नका! ते म्हणाले, नहीं छोड़ूँगा. मी त्यांना ओढत ओढत घरी आणलं, चांगल्या खुर्चीवर जुनं गोणपाट घालून बसवलं, आणि अरुंधतीनं पोहे पुढे केले.

मी बोलायला सुरुवात केली. मिल, माझी नोकरी, भोंगा, केबलची लांबी, मंजूचं शिक्षण, सगळं क्रमवार. त्यांनी एका शब्दानं टोकलं नाही. पोहे दोनदा घेतले, जिलबी तीनदा. इतका समजूतदार श्रोता मला या घरात कधी मिळालेला नाही. मी शेवटी हात जोडून म्हटलं, तर मुलगी तुमच्या घरी द्यावी असं आमच्या मनात आहे. ते खुर्चीत जरा सरकले आणि म्हणाले, 'भाईसाब, आपका घर बहुत अच्छा है, पोहे तो एक नंबर. पर मेरी तो शादी हो चुकी, दो बच्चे हैं, और टंकी वाले मेरी राह देख रहे हैं.' प्रतापराव, मी गेरीतला टँकरचा माणूस आणला होता. उंची तीच, रंग तोच. (जाताना त्यानं भोंग्याला नमस्कार केला. गुणग्राहक होता.)

तोवर खरी मंडळी कुठं होती? आमच्याच मागच्या अंगणात. बंटीनं पत्ता सांगून पोचवली होती. मंजू सकाळपासून शिखाबरोबर गच्चीवर खेळत होती. मी आत बस म्हटलं होतं, पण अरुंधतीनं तिला जुना कुर्ता देऊन सणाचा दिवस आहे, खेळू द्या, म्हणून वर धाडली होती. आत्याबाई अंगणात आपल्या चंदेरीकडे बघत उभ्या, डोळ्यांत पाणी. ती साडी त्यांच्या सासूनं दिलेली होती. त्यांनी जवळ आलेल्या एका आपादमस्तक जांभळ्या आकृतीला विचारलं, मुलगी कुठं आहे? आकृती म्हणाली, मीच. पण आत्या, आधी साडी बदला, आणि गरम पाणी अजिबात लावू नका, धरून बसेल. हा कच्चा रंग आहे, आमच्या लॅबमध्ये याचीच भांडणं रोज चालतात. मग शिखानं साडी आणून दिली, मंजूनं थंड पाणी आणि ती पिशवीभर लिंबं घेतली, आणि बडोद्याचे चिरंजीव कोट काढून, बाह्या सारून बादल्या भरायला बसले. मी मागच्या दारात पोचलो तेव्हा उदयसिंह मंजूला विचारत होता, लिंबूच का, व्हिनेगर का नाही, आणि ती त्याला सांगत होती, आणि तो ऐकत होता. खोटं ऐकणं नव्हे. मी तीस वर्षं मशीनजवळ काढली आहेत, कुठली मोटर नुसती फिरते आणि कुठली भार घेते, हे मला कळतं. साडी पुष्कळशी निघाली. पदराच्या काठाला फिकट गुलाबी राहिलं, ते आत्याबाई म्हणाल्या, राहू दे, आठवण.

खरे संताजीराव मात्र चुलीपाशी कुणीतरी दिलेली ठंडाई घेऊन बसले होते आणि त्यांना मधूनमधून हसू येत होतं. त्यांनी आत्यांना विचारलं, ताई, वर्णाचं काय? तर आनंदीबाईंनी आरशात पाहिलं (एक गाल हिरवा, एक तांबडा) आणि म्हणाल्या, मला नको विचारूस, मला आत्ता माझाच ठाऊक नाही. मुलगी मला पसंत आहे. उद्या उजेड असो की नसो.

ते दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही सगळे फिकट जांभळेच होते. जाण्याआधी उदयसिंहनं भोंगा उघडून पाहिला (आधी उघडतो, मग वाचतो, मी त्याच क्षणी मनानं होकार दिला) आणि हळूच म्हणाला, काका, नोंदीबरोबर पंचांग कुणाचं तेही लिहून ठेवलं तर? मी म्हटलं, ते मी करणारच होतो. (आता केलं आहे.)

तर अशी आनंदाची बातमी आहे, आणि घरात सगळ्यांचे पाय जमिनीवर नाहीत. मंजू पीथमपूरच्या बसमध्ये चढताना गुणगुणते, मी प्रिंटरला तेल घातलं, अरुंधतीनं त्या टँकरवाल्याच्या नावानंसुद्धा नैवेद्य दाखवला. पण सुपारी फुटलेली नाही. मी ताट पुढे केलं होतं. संताजीरावांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ज्यांनी स्थळ जुळवलं ते प्रतापराव कुठं आहेत? मुलीच्या मामाशिवाय आमच्यात सुपारी फुटत नाही. मी म्हटलं, त्यांचा गुडघा. आता हे खोटं मी बोललो आहे, तेव्हा आपला गुडघा निदान आठवडाभर दुखता ठेवावा, ही नम्र सूचना. सुपारी देवघरात ठेवली आहे, रोज हळदकुंकू होतं.

बाकी सर्व कुशल. लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस दंडवत, तलवारीस दुरून नमस्कार.

आपला मेहुणा,
गोपीनाथ

ता. क. : खरं लिहायचं ते वर राहिलंच. आपण यावं. उंबऱ्याची शपथ असेल तर मी उंबरा काढून ठेवतो, सुतार सांगून ठेवला आहे; किंवा मागच्या अंगणातून यावं, तिथं उंबरा नाही, आणि बडोद्याची मंडळीही तिथूनच आत आली. मंजूच्या मागे मामा उभा नाही असं लग्न मला करायचं नाही.

ता. क. दुसरा : सुपारीची आणि लग्नाची, दोन्ही तिथ्या तुम्हीच काढा. फक्त शुद्ध पक्षातल्या काढा. त्या पंधरवड्यात आपलं आणि देपालपूरचं भांडण नाही. बरोबर इंग्रजी तारीख लिहा, शाईनं लिहा, आणि आपला फोन नंबरही लिहा. रक्तवाल्यांनी मला आता नावानिशी ओळखायला सुरुवात केली आहे.

ता. क. तिसरा, अरुंधतीकडून : दादा, सा. न. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं (कंस मलाही येतात). तार माझ्या भाजीच्या पिशवीतच आहे. पंचमी कधी हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शिखालाही दुसऱ्याच दिवशी कळलं, रडत आली होती. मीच म्हटलं, चुप बैठ. उज्जैनच्यांनी मंजूला उजेडात पाहिलं, नागपूरच्यांनी उजेडात पाहिलं. म्हटलं, एकदा रंगपंचमीत बघू देत. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि तुला यांचा फोन पोचलाय असंच मी धरून चालले. तू कुलपाशी बसून गेलास त्याबद्दल कान धरते. यांना यातलं काही बोलू नकोस, त्या डब्यावर फार जीव आहे. ये. येताना भिंतीवरचं एक कॅलेंडर घेऊन ये, मोठ्या आकड्यांचं. खिळा मी काढू दिलेला नाही.